मोठ्या खेकड्याला दम कमी का?

प्रश्न : आमचे शेत खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आहे. पावसाळ्यात भाताच्या बांधावर खेकडे निघतात. मोठ्याने नांगीत काठी धरली, की काठीसकट वर उचलला तरी तो सोडत नाही. पण तीन-चार वेळा पळवला, की जागीच बसतो. लहान खेकडे थोडे थांबून पुन्हा पळतात. ताकद जास्त असून दम कमी कसा?
— एक वाचक

उत्तर : ताकद आणि दम आपण वेगवेगळे पाहिलेत, हे मोलाचे आहे, कारण वाढत्या शरीरात या दोन्ही गोष्टी एका वाटेने जात नाहीत.

पकडीचा जोर स्नायूच्या आडव्या छेदावर ठरतो. खेकड्याची लांबी-रुंदी-जाडी दुप्पट झाली, तर छेद चौपट होतो आणि वजन आठपट. म्हणजे वजनाच्या मानाने पकड मागे पडायला हवी. तरीही जपानच्या ओकिनावा बेटावरील २९ नारळ-खेकड्यांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ३३ ग्रॅमपासून २,१२० ग्रॅमपर्यंतच्या वजनाबरोबर पकड सुमारे २९ न्यूटनपासून (न्यूटन हे जोर मोजण्याचे एकक) १,७६५ न्यूटनपर्यंत, म्हणजे जवळपास वजनाच्याच पटीत वाढलेली आढळली.

दमाचा प्रश्न मात्र स्नायूच्या तंतूत आहे. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील निळ्या खेकड्याच्या पोहण्याच्या पायातील फिकट तंतू पिल्लात ६० मायक्रोमीटरहून (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतात, प्रौढात ५०० मायक्रोमीटरहून जाड. प्राणवायू तंतूच्या गाभ्यापर्यंत नुसता झिरपत पोहोचतो, आणि अंतर दहापट झाले की झिरपण्याचा वेळ शंभरपट होतो. पहिली धाव तंतूतील ऊर्जेच्या साठ्यावर, प्राणवायूविना निभते, म्हणून मोठा खेकडा सुरुवातीला कुठेही कमी पडत नाही. धावेनंतर साचलेले लॅक्टेट (प्राणवायूविना ऊर्जा काढताना उरणारा पदार्थ) निस्तरून साठा पुन्हा भरायला मात्र प्राणवायू लागतो, आणि तिथे प्रौढाचे कित्येक तास जातात. आपल्या बांधावरील गोड्या पाण्याच्या खेकड्याला हेच आकडे लावणे बरोबर होणार नाही, पण आपण पाहिलेला थकवा या कारणाशी चांगला जुळतो.

मोठ्या खेकड्याची पकड एखाद्या वेळी अगदीच ढिली लागली, तर आधी त्याचे कवच हळूच दाबून पाहावे. कात टाकण्यापूर्वी नांगीतला स्नायू आक्रसतो, कारण तो अरुंद सांध्यातून ओढून बाहेर काढायचा असतो. कवच मऊ असेल, म्हणजे कात नुकतीच टाकलेली असेल, तर त्याला मुळीच पळवू नये. बिळाच्या तोंडाशी सोडून द्यावे.