स्पेस फ्रेममध्ये बोल्टने जोडलेला नळ्यांचा सांधा स्टिफ कसा ठेवायचा? एम८ पुरेल की एम१०?

तुम्ही लिहिलंय की इंजिन काढता यावं म्हणून रेस कारच्या स्पेस फ्रेमच्या, म्हणजे नळ्यांच्या त्रिकोणी जाळीच्या सांगाड्याच्या, मागच्या नळ्या बोल्टवर घ्यायच्या आहेत. एम८ की एम१०, म्हणजे ८ मिमीचा बोल्ट की १० चा, यावरून आमच्या कॉलेज टीममध्ये इतकी भांडणं झालीत की प्रश्न दिसला आणि राहवलं नाही.

आमच्याही गाडीत इंजिनवरची तिरकी नळी निघणारी होती. डिझाइन बघणारा सीनियर (नाव घेत नाही, अजून ग्रुपवर आहे) म्हणायचा, अ‍ॅन्सिसमध्ये फ्रेम स्टिफ दिसतेय, विषय संपला. अरे बाबा, तिथे तू सांधा बॉण्डेड, म्हणजे एकजीव चिकटलेला, धरलायस! सॉफ्टवेअरच्या लेखी बोल्ट नव्हताच, सलग नळी होती. भोसरीतल्या शेडमध्ये फ्रेमची मागची बाजू आवळली, पुढे आडवा चॅनल बांधून एका टोकाला वजनं टांगली. फ्रेम किती हलली ते मोजणाऱ्या डायल गेजचा काटा शिस्तीत चढला. वजनं उतरवून दुसऱ्या टोकाला टांगायला घेतली, तर पहिल्याच वजनाला काटा टुणकन उडाला आणि मग पुन्हा शहाण्यासारखा सरकू लागला. साहेबांचं निदान: डायल गेज खराब. दुसरा मागवला, तोही 'खराब' निघाला. मग म्हणे, एम१० घालू.

इथे माझं डोकं फिरतं. काटा उडत होता तो बोल्ट भोकात घसरल्यामुळे. हिशेब करा ना. २५.४ मिमी व्यास, १.६ मिमी जाडी, अर्धा मीटर लांब नळी. २ किलोन्यूटनला, म्हणजे साधारण २०० किलोच्या ओढीला, ती ताणली जाते ०.०४ मिमी. ८ च्या बोल्टला ८.५ चं भोक पाडलंत आणि सांधा घसरला, की अर्धा मिमी तिथेच गेला. बारापट! १० च्या बोल्टला १०.५ चं भोक पाडून काय वेगळं होणार? क्रोमोलीचा (क्रोमियम-मोलिब्डेनम स्टीलचा) हट्टही असाच. ताकद जास्त, मान्य, पण स्टिफनेस साध्या स्टीलच्या सीडीएस (बिनजोड, थंड ओढलेल्या) नळीएवढाच. दोन्हींचा यंग्ज मॉड्युलस (धातू ताणाला किती दाद देत नाही याचं माप) २०५ गिगापास्कलच्या आसपास.

शेवटी मी गल्लीतल्या लेथवाल्या काकांकडे ती नळी घेऊन गेलो. टोक हातात घेऊन त्यांनी पहिलं विचारलं, "आत बुश कुठाय?" पातळ नळीतून बोल्ट नुसता आरपार घालून आवळला की नळी चेपते, टॉर्क लागणार कुठून? नळीला आरपार जाड बुश (बोल्ट ज्यातून जातो ती छोटी जाड नळी) घाला, दोन्हीकडून वेल्ड करा, तोंडं लेथवर फेस, म्हणजे सपाट, करून घ्या. मग ब्रॅकेटचे दोन कान (भोकं पाडलेल्या पट्ट्या) बुशवर घट्ट बसतात. ८.८ ग्रेडचा एम८ बोल्ट २५ न्यूटन-मीटरला साधारण १६ किलोन्यूटनने आवळतो. घर्षण ०.१५ धरलं तरी दोन बाजू मिळून ४.८ किलोन्यूटनपर्यंत काही घसरत नाही. भोकं मात्र वेल्डिंगनंतर, सगळं जागेवर आवळून, ७.८ ने पाडून ८ च्या रीमरने (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने) एकत्र काढायची. वेल्ड नळी ओढतो, आधी केलेलं रीमिंग वाया. कानांतून बोल्टचा सपाट भाग जायला हवा, आटे नकोत. आणि पावडर कोटिंगला देताना ती तोंडं झाकून द्या. रंगाच्या थरावर आवळलेला बोल्ट काही दिवसांत ढिला पडतो.

काटा उडायचा थांबला. सीनियर म्हणाला, "बघ, हा गेज चांगला आहे."

तर एम८. पण हे सगळं त्रिकोणी जाळीतल्या, फक्त ओढ आणि दाब घेणाऱ्या नळीसाठी. ज्या चौकटीत तिरकी नळी बसतच नाही तिथे कानांचा सांधा म्हणजे बिजागरी. तिथे फ्लॅन्ज (टोकांना वेल्ड करून एकमेकींना बोल्टने जोडायच्या सपाट चकत्या) किंवा बाहेरून घट्ट स्लीव्ह लागते, आणि स्लीव्हमध्ये आवळण्यावर विसंबू नका, फिटिंगच अचूक हवं. कान नोडपासून, म्हणजे नळ्या एकत्र मिळतात त्या जागेपासून, लांब लावू नका, नळी वाकायला लागते.

आणि हो, मेन हूपच्या ब्रेसिंगला (ड्रायव्हरमागच्या कमानीला टेकू देणाऱ्या नळ्यांना) हात लावणार असाल तर आधी तुमच्या वर्षाचं रूलबुक उघडा. फॉर्म्युला एसएई या कॉलेज टीमांच्या रेस कार स्पर्धेच्या नियमांत स्लीव्ह किमान साधारण ७५ मिमी लांब लागते, सांध्याच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी. दोन कानांच्या सांध्याला तिथे किमान १० मिमीचा बोल्ट मागतात. हे आमच्या सीनियरला कळवू नका.