मुकुट सोडून सगळे अंगठीच्याच मागे का?

प्रश्न: फँटसी कादंबरी घ्या नाहीतर लोककथा, सत्ता म्हटली की अंगठी येतेच. तलवार, मुकुट का नाही? आणि अंगठी घातली की माणूस गायब, हे कुठून आलं?

उत्तर: तलवारी-मुकुट आहेत की कथांमध्ये, पण अंगठी नुसता दागिना नव्हती ना, ती राजाची सही होती. मेणावर किंवा ओल्या मातीवर दाबली की हुकूम पक्का, मग तो कोणी लिहिला हे कोण बघतंय, ठसा बघायचा आणि कामाला लागायचं. आजचा ओटीपीच समजा, ज्याच्या हातात तो खातेदार. मुकुट चोरून घातला तर लगेच पकडले जाल, अंगठी मात्र मुठीत लपते, म्हणून तर ती हरवते, चोरीला जाते आणि गोष्ट सुरू होते.

विशाखदत्ताचं ‘मुद्राराक्षस’ हे संस्कृत नाटक बघा. यातला राक्षस म्हणजे दैत्य नाही, नंद राजांचा अमात्य आणि चाणक्याचा विरोधक. त्याची अंगठी त्याच्या बायकोच्या बोटात ढिली, बाहेर पळणाऱ्या मुलाला धरायला ती हात पुढे करते, अंगठी निसटते आणि घरंगळत थेट चाणक्याच्या हेराच्या पायाशी! पुढे तोच शिक्का मारलेलं खोटं पत्र राक्षसाचा साथीदार राजपुत्र मलयकेतू याच्या हाती पडतं आणि राक्षसावरचा त्याचा विश्वासच उडतो. यात जादू कुठेच नाही हं, तरी मला तर कुठल्याही जादूच्या अंगठीपेक्षा हीच जास्त डेंजर वाटते.

म्हणूनच पोप गेले की त्यांची अंगठी निकामी करायची पद्धत, नाहीतर मागाहून कोणीही त्यांच्या नावाने कागद काढेल. २०१३ मध्ये बेनेडिक्ट यांनी फक्त पद सोडलं होतं, तरी त्यांच्या अंगठीवर क्रॉसची खूण कोरून ती बाद केली.

आता गायब होण्याचं. बऱ्याच जणांना ही ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टॉल्किनची आयडिया वाटते, पण साधारण २४०० वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने लिडियातल्या (आजच्या तुर्कस्तानातलं जुनं राज्य) मेंढपाळाची गोष्ट सांगितलीय. भूकंपाने जमीन फाटते, आत एक प्रेत, त्याच्या बोटात सोन्याची अंगठी. तिचं तोंड तळहाताकडे फिरवलं की हा अदृश्य, बाहेर फिरवलं की परत हजर. शिक्का मारायची बाजूही तीच, ती आत वळली की करणारा कोण याचा पत्ताच नाही, असा मी तरी अर्थ लावतो. बरं, एवढी पॉवर मिळाल्यावर या पठ्ठ्याने काय केलं, तर निरोप्या बनून दरबारात शिरला, राणीला फितवलं आणि राजाला मारून गादीवर बसला.