इस्लेजवळच्या समुद्रातल्या पवनचक्क्या: हरकतीचं पत्र लिहिताना

ताई, तुमचा प्रश्न असा की स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या तुमच्या इस्ले बेटाच्या वायव्येला, शेजारच्या कोलन्से बेटाच्या पश्चिमेला तो दोन हजार मेगावॅटचा मॅखरविंड हा समुद्री पवनचक्क्यांचा प्रकल्प येऊ घातलाय, गावात सह्या गोळा करणं चाललंय, तर आपण वेगळं पत्र लिहून काही उपयोग आहे का. आहे. शंभर जणांनी एकच छापील मजकूर पाठवला तर त्यातून मुद्दा एकच निघतो, तुम्ही तुमच्या भाषेत तीनच मुद्दे नीट मांडलेत तर त्या तिन्हींना उत्तर द्यावं लागतं.

आधी एक गोष्ट, कारण इथेच बहुतेक जण फसतात. कंपनी हॉलमध्ये प्रदर्शन भरवते, चहा-बिस्किटं असतात, तिथे जो फीडबॅक फॉर्म भरता ती हरकत नव्हे, तो कंपनीच्या फायलीत जातो. खरी हरकत अर्ज दाखल झाल्यावर स्कॉटिश सरकारच्या मरीन डायरेक्टरेटमधल्या लायसन्सिंग टीमकडे मुदतीत लेखी द्यायची, मुदत साधारण महिन्याभराची असते. लोक फॉर्म भरून "आम्ही विरोध नोंदवलाय" म्हणून निवांत बसतात आणि मुदत निघून जाते.

आता काय लिहायचं. शेजारच्या टायरी बेटाचं बघा, कंपनीही तीच, स्कॉटिशपॉवर रिन्यूएबल्स. तिथे आर्गाइल अ‍ॅरे नावाचा प्रकल्प किनाऱ्यापासून पाचेक किलोमीटरवर येणार होता. साडेसहाशे वस्तीच्या बेटाने जोरदार विरोध केला, पण डिसेंबर २०१३ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला तेव्हा कारणं दिली ती तळाचा कठीण खडक, तिथल्या लाटा, बास्किंग शार्कचा वावर आणि या सगळ्यामुळे न बसणारं खर्चाचं गणित. आणि हेच टायरीवाले २०१० पासून गावाच्या मालकीची ९०० किलोवॅटची पवनचक्की चालवतात, तिला लाडाने टिली म्हणतात, त्यामुळे "यांना वाऱ्याची वीजच नको" असं त्यांच्याबद्दल बोलायची सोय नव्हती. तुम्हीही पवनऊर्जा कशी फालतू वगैरे लिहू नका, तो वाद सरकारी धोरणात केव्हाच संपलाय, पत्र तिथेच हलकं पडतं. घराची किंमत पडेल हेही नको, ते धरतच नाहीत.

मासेमारीचं मात्र जरूर लिहा. कंपनी अर्जासोबत पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल देते, त्यात बोटींच्या वावराचा एक नकाशा असतो, तो बहुतेक व्हीएमएसवरून (बोट कुठे आहे ते उपग्रहाने कळवणारी यंत्रणा) काढतात आणि ते सक्तीचं आहे १२ मीटर आणि त्यावरच्या बोटींना. तुमच्याकडे खेकडे-लॉबस्टरचे पिंजरे टाकणाऱ्या बोटी बऱ्याचशा त्याहून लहान, म्हणजे जिथे माणसं रोज पोट भरतात तो समुद्र नकाशावर मोकळा दिसतो. बंदरावर जाऊन दोन-तीन जणांना विचारा, कुठल्या महिन्यात कुठे पिंजरे लावता, आणि त्यांच्या परवानगीने ते चार्टवर खुणा करून जोडा. बांधकामाच्या वेळी प्रत्येक मनोऱ्याभोवती ५०० मीटरचं सुरक्षा क्षेत्र लागू शकतं, तेव्हा त्या पिंजऱ्यांचं काय, हे थेट विचारा.

तसंच हंसांचं. ऑक्टोबरात ग्रीनलंडहून बार्नॅकल गीझ हजारोंनी इस्लेवर उतरतात हे तुम्ही खिडकीतून बघताच. पक्ष्यांची मोजणी सहसा दोन वर्षं, महिन्यातून एकदा, विमानातून, दिवसा आणि बऱ्या हवेत होते. थवे रात्रीही येतात, बरेचसे थोड्याच दिवसांत उतरतात, म्हणजे अशा मोजणीत ते निसटणं अगदी सहज शक्य आहे, मग स्थलांतराच्या काळात रडार लावलं होतं का विचारा.

दृश्याचा मुद्दा चालतो पण "समुद्र विद्रूप होईल" एवढ्यावर नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्या डोक्यात असतील तर काढून टाका, या कितीतरी उंच. फोटोमोंटाज (किनाऱ्यावरून काढलेल्या फोटोत पवनचक्क्या बसवून केलेलं चित्र) लॅपटॉपवर बघून मत बनवू नका, त्यावर छापायचा आकार आणि किती अंतरावर धरून बघायचं ते दिलेलं असतं, तसंच बघा. आणि रात्रीचं चित्र मागा, कारण पवनचक्क्यांच्या वर विमानांसाठी लाल दिवे २००० कॅन्डेलाचे (कॅन्डेला म्हणजे प्रकाशाच्या तीव्रतेचं माप) असतात, हवा स्वच्छ असेल तेव्हा मंद करता येतात, ते करणार का याचं लेखी उत्तर मागा.

अजून एक, हे फार कमी लोक विचारतात. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत नॅनटकेट बेटाजवळ व्हिनयार्ड विंड या समुद्रातल्या प्रकल्पाच्या एका पवनचक्कीचं १०७ मीटरचं पातं तुटलं, फायबरग्लास आणि फोमचे तुकडे किनाऱ्यावर आले, ऐन सीझनमध्ये बीच बंद करावे लागले. तुमच्याकडे असं झालं तर किती तासांत कळवणार, साफ कोण करणार, पैसे कोणाचे, ही अट परवान्यातच घाला असं लिहा. बेटाला मिळणारा कम्युनिटी फंड हा मुद्दा यात ओढू नका, परवाना देताना तो धरत नाहीत, आणि फंडाबद्दल लिहिलं की पत्राचा सूर सौदेबाजीचा होतो (गावात त्यावरून भांडणं होतील ती वेगळीच).

शेवटी सरळ लिहा की नकारच द्यावा, आणि नाहीच दिला तर अमुक अमुक अटी घालाव्यात. नुसता नकार मागितला आणि मंजुरी मिळाली तर अटींबद्दल तुमचा एक शब्द फायलीत नसतो. केबल किनाऱ्याला लागेल तिथल्या सबस्टेशनचा अर्ज बहुधा वेगळा येईल, त्यावर वेगळी हरकत द्या. पोच आली नाही तर फोन करा.