माझ्याकडे १९७५ची एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश, उघड्या छताची स्पोर्ट्स कार) आहे. तुळजापूरच्या घाटात फार झुकते. मागे अँटी-रोल बार बसवावा का?

बसवा, पण एकटा मागचा नको. अँटी-रोल बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, वळणावरचा झुकाव रोखणारी आडवी सळई. आधी पुढचं बघा.

१९७५ची म्हणजे काळ्या रबरी बंपरची. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे हेडलाइट पुरेसे उंच यावेत म्हणून कारखान्यानं ही गाडी सस्पेन्शनवरच इंच-दीड इंच वर उचलली, आणि त्याच वर्षी खर्च वाचवायला पुढचा बार काढून टाकला. वेगळे पैसे मोजले तरच तो मिळायचा. तेव्हा गाडीखाली जाऊन पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्ये आडवी सळई आहे का पाहा. नसेल तर तुमचा झुकाव तिथूनच येतोय. १९७७च्या मॉडेलला कारखान्यानं हे सुधारलं, तेव्हा मागचा बार नव्यानं दिलाच, पण पुढचाही जाड केला. ही जोडी लक्षात ठेवा.

एकटा मागचा का नको? वळणावर बाहेरचं चाक दबतं, बार पिळला जातो आणि आतल्या चाकाला वर ओढतो. बॉडी कमी झुकते खरी, पण मागचा भार जास्तच बाहेरच्या चाकावर जातो आणि मागच्या दोन्ही चाकांची मिळून पकड घटते. घाटात उतारावर, पहिल्या पावसानं रस्ता निसरडा झालेला असताना, वळणाच्या मध्येच ॲक्सिलरेटर सोडलात तर मागची बाजू बाहेर फेकली जाईल. चढाला आतलं चाक हलकं पडून जागीच फिरेल. झुकणारी गाडी निदान आधी सांगते तरी. ही सांगणार नाही.

जाडीबाबत कुणाचं ऐकू नका. बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. १६ मिलिमीटरच्या जागी १९ घेतला की तो जवळपास दुप्पट होतो. लेथवाल्याकडून साधी सळई वाकवून घेणं तर अजिबात नको. हा बार स्प्रिंग स्टीलचा, नीट पाणी दिलेला, म्हणजे तापवून-विझवून कडक केलेला लागतो. साधं लोखंड वाकेल नाहीतर तुटेल. याच गाडीचं तयार किट मागवा आणि मागचा बार त्यातला सर्वांत बारीक घ्या. आपल्याकडे काळ्या मातीवरचे रस्ते खचून लाटा पडतात, एकच चाक खड्ड्यात जातं. जाड बार दोन्ही चाकं एकमेकांना बांधतो, मग प्रत्येक खड्ड्याला बॉडी डावी-उजवी हेलकावते.

किट मागवण्याआधी मागचे पाटे बघा. सपाट जागी गाडी उभी करून दोन्ही बाजूंची उंची मोजा. एक बाजू बसली असेल तर पाट्यांना पुन्हा कमान देऊन घ्या, ट्रकचे पाटे करणाऱ्या चांगल्या कारागिराला हे काम नवं नाही. पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट ढिले नाहीत ना, लिव्हर-आर्म शॉकअपमधून (हादरे शोषणाऱ्या जुन्या पद्धतीच्या डब्यातून) तेल गळत नाही ना, टायर किती जुने आहेत, हेही पाहा. पाट्याच्या डोळ्यातले रबरी बुश आपल्या उन्हाळ्यात कडक होऊन चिरतात. बऱ्याच गाड्यांचा काही झुकाव इथंच जातो.

बसवताना बॉडीच्या तळाला जिथं बोल्ट येणार तिथला गंज आधी खरवडून बघा. पत्रा पोकळ लागला तर आधी वेल्डिंग. मग एक्सल पूर्ण खाली लोंबकळू द्या, नंतर जॅकनं पूर्ण वर दाबा, आणि दोन्ही वेळा बार ब्रेकच्या पाइपला, सायलेन्सरला, टाकीला घासत नाही ना ते हातानं चाचपा. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चारही चाकांवर उभी असतानाच. स्टँडवर आवळले तर बुश पिळलेलेच राहतात आणि लवकर फाटतात. बारच्या टोकांना जोडलेल्या लिंकची (छोट्या दांडीची) लांबी अशी जमवा की सपाट जागी बारवर काहीच ताण नसेल.

माझं मत विचाराल तर पुढचा बार बसवून, पाटे-बुश नीट करून महिनाभर चालवा. त्यानंतरही घाटात झुकाव खटकला, तरच मागच्याला हात लावा.