बंद पडलेलं लॉज पुन्हा सुरू करताना: संकेश्वरच्या २२ खोल्यांचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे: महामारीनंतर हॉटेलधंदा सावरतो कसा? कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरजवळ हायवेला लागून २२ खोल्यांचं लॉज आणि खाली खानावळ आहे. २०२१ पासून बंद असलेली ही जागा भाड्याने चालवायला घ्यायची आहे. सुरुवात कुठून करावी आणि पुन्हा तशीच वेळ आली तर काय?

तुमच्या लॉजला खरा धोका महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. २०२० मध्ये कर्नाटकात हॉटेलं २५ मार्चपासून ८ जूनपर्यंत, म्हणजे सुमारे ७५ दिवस बंद होती. ते थोड्याफार फरकाने सगळ्या देशाचंच झालं. सीमाभागाचं दुखणं त्यानंतर सुरू झालं. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्याला कोगनोळीत आरटी-पीसीआरचा निगेटिव्ह अहवाल दाखवल्याशिवाय आत सोडत नव्हते. लॉज उघडायला परवानगी होती, पण कोल्हापूर-सांगलीचं गिऱ्हाईक नाक्यापलीकडेच राहिलं. आणि नाका फक्त साथीतच आडवा येतो असंही नाही. सीमावाद तापला की दोन्हीकडच्या बस थांबतात, लोक प्रवास पुढे ढकलतात. त्यामुळे पहिल्या दिवसापासून रजिस्टरात एक रकाना वाढवा: पाहुणा नाक्याच्या कुठल्या बाजूचा आणि कशासाठी आला. महिन्याला बेरीज करा. पलीकडच्यांचा वाटा निम्म्याच्या वर गेला, तर धंदा चांगला चालला असला तरी तो एका दांडीवर उभा आहे असं समजा.

अलीकडचं गिऱ्हाईक कुठून आणायचं? साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. यंत्रांची कामं करणारे फिटर आणि कंपन्यांचे इंजिनिअर आठ-आठ दिवस मुक्काम करतात, पण ते हंगामाआधी, देखभालीच्या काळातच जास्त येतात. म्हणून कारखान्यांच्या स्टोअर आणि खरेदी विभागात जुलै-ऑगस्टमध्येच दरपत्रक देऊन या. हायवेलगतच्या औद्योगिक क्षेत्रांतूनही असंच गिऱ्हाईक मिळू शकतं. बेळगावात विधिमंडळाच्या डिसेंबरच्या अधिवेशनाच्या दिवसांत खोली मिळत नाही, तेव्हा काही गर्दी हुक्केरी-संकेश्वरपर्यंत सरकते. त्या आठवड्यांचे दर आधी ठरवून ठेवा, ऐन वेळी तिप्पट करू नका. गडहिंग्लज-आजरा-आंबोलीमार्गे गोव्याला जाणारा रस्ता संकेश्वरातूनच फुटतो. पावसाळ्यात आंबोलीची शनिवार-रविवारची गाडी इथे थांबू शकते. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारे यात्रेकरू सहसा खोली घेत नाहीत, पण पहाटे गरम पाण्याची आंघोळ आणि नाष्टा त्यांना हवा असतो. मागच्या अंगाला चार न्हाणीघरं आणि माणशी ठराविक दर एवढ्यावर मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या आसपास बरी आवक होते. गाडीवानांसाठी चार खाटांची एक खोलीही ठेवा. ड्रायव्हरची झोप नीट होते म्हटल्यावर तो पुढच्या खेपेला मालकाला तिथेच आणतो.

आता भाडेकरार. टाळेबंदी आली म्हणून भाडं आपोआप माफ होत नाही. मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या प्रकरणात हेच सांगितलं: करारात तशी तरतूद नसेल तर भाडेकरूला भाडं थांबवता येत नाही. म्हणून कलम स्पष्ट लिहून घ्या. सरकारी आदेशाने लॉज बंद राहिलं, तर त्या दिवसांचं भाडं ठरलेल्याच्या २५ टक्के, आणि उघडल्यावर पहिले तीन महिने ठरलेलं भाडं किंवा जमेच्या १५ टक्के यांतलं जे कमी असेल ते. मालक आकड्यांवर घासाघीस करेल. करू दे, पण कलम सोडू नका. विम्यावर विसंबू नका. धंदा बुडाल्याची भरपाई साध्या पॉलिसीत आग किंवा पुरासारखं प्रत्यक्ष नुकसान झालं तरच मिळते, साथीसाठी नाही. हेस्कॉमची (इथल्या वीज कंपनीची) जुनी थकबाकी आहे का तेही सहीच्या आधी बघा. थकबाकी माणसामागे नाही, जागेमागे लागते असं धरून चाला. मंजूर भारही तपासा. पूर्वी प्रत्येक खोलीत एसी धरून भार घेतलेला असेल आणि तुम्ही आठच खोल्यांत एसी चालवणार असाल, तर न वापरलेल्या किलोवॅटचा स्थिर आकार दर महिन्याला उगाच भरावा लागेल. आणखी एक: कोविड योजनेतलं कर्ज मिळवून देतो म्हणणारे एजंट अजून फिरतात. ती आणीबाणीची पतहमी योजना ३१ मार्च २०२३ रोजी संपली.

रंगाच्या आधी पाणी. वर्षानुवर्षं साचलेल्या पाण्यात, विशेषतः २० ते ४५ अंशांच्या दरम्यान, लिजिओनेला नावाचे जीवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातात. टाकी घासून घ्या, गाळ काढा, मग भरा. ५,००० लिटरच्या टाकीला ३० टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर साधारण ८३० ग्रॅम लागते (लिटरला ५० मिलिग्रॅमच्या हिशोबाने). पावडर थेट टाकीत टाकायची नाही. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणीच ओता. सोलरच्या टाकीचा वॉल्व बंद ठेवा, एवढ्या क्लोरीनने स्टील खराब होतं. मग प्रत्येक नळ आणि शॉवर क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, तासभर थांबा, सगळं पाणी काढून टाका आणि ताजं भरा. उघडून पडलेल्या पोत्यातली पावडर वापरू नका, तिचा जोर गेलेला असतो. सोलरचं पाणी ६० अंशांवर चढतं का ते थर्मामीटरने बघा. बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार धरलेला असणारच.

मोरीच्या ट्रॅपमधलं, म्हणजे खालच्या वाकड्या नळीतलं, पाणी आटलेलं असतं, म्हणून खोलीत गटाराचा वास येतो आणि झुरळं वर चढतात. लोक फिनेल ओतत बसतात. प्रत्येक ट्रॅपमध्ये दोन तांबे पाणी ओतलं की काम होतं. स्वच्छता करणाऱ्या माणसाला एक गोष्ट बजावून सांगा: संडास साफ करायचं ॲसिड आणि हायपोक्लोराइट (ब्लीचचं पाणी) एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात माणूस कोसळू शकतो. जनरेटरच्या टाकीतलं जुनं डिझेल काढून टाका आणि उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते वीज जोडायच्या आधी बघा. गाद्यांना पावसाळ्यात बुरशी धरलेली असेल तर ऊन दाखवून भागत नाही, त्या बदलाव्याच लागतात.

साथीत फवारणीवर जो खर्च झाला, तो माझ्या मते बराचसा दाखवण्यापुरता होता. कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो, दाराच्या मुठीवरून फार कमी. त्यामुळे पैसे हवेवर घाला. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आत आणत नाही. १२ बाय १४ फूट आणि १० फूट उंचीच्या खोलीत १,६८० घनफूट हवा असते. ती तासाला सहा वेळा बदलायची, तर मिनिटाला १७० घनफूट ओढणारा पंखा हवा. न्हाणीघरातला सहा इंची पंखा पुरेलच असं नाही, त्याच्या खोक्यावरचा आकडा वाचून घ्या. न्हाणीघराच्या दाराखाली पाऊण इंच फट ठेवा, खोलीत बाहेरची हवा यायला खिडकीच्या वर जाळीचा झरोका ठेवा. वाट मिळाली नाही तर पंखा नुसताच आवाज करतो. खानावळीत कार्बन डायऑक्साइडचा मीटर लावा. आकडा १,००० पीपीएमच्या वर गेला की खिडक्या उघडायच्या, वेटरलाही कळतं.

दराचं गणित उदाहरणादाखल मांडतो, तुमचे आकडे घाला. समजा भाडं, पगार, वीज-इंटरनेट, डागडुजी मिळून ठरलेला खर्च महिन्याला ३,२०,००० आहे. खोलीचा सरासरी दर १,४००, आणि खोली विकली तर चादरी-साबण-वीज मिळून २७० जातात. निम्मं बुकिंग साइटवरून २० टक्के कमिशनने येत असेल तर सरासरी १४० आणखी जातात. हाती उरतात ९९०. म्हणजे ३२३ खोल्या विकल्यावर खर्च निघतो. महिन्याच्या ६६० पैकी (२२ खोल्या, ३० रात्री) हे ४९ टक्के. सगळं बुकिंग साइटवरूनच आलं तर हाच आकडा ५७ टक्क्यांवर जातो, सगळं थेट फोनवर आलं तर ४३. आता गिऱ्हाईक नाही म्हणून दर २०० रुपयांनी उतरवलात, तर ३२३ च्या जागी ३९५ खोल्या विकाव्या लागतात. पुन्हा उघडलेली लॉजं बहुतेक याच खड्ड्यात पडतात: दर उतरवतात आणि वर चढवताना वर्ष जातं. सूट द्यायचीच तर दुसऱ्या रात्रीला द्या किंवा नाष्टा द्या. दराच्या पाटीला हात लावू नका.

करही यातच धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे एसी-गाद्यांची कोटेशनं करासह ताडून बघा. आणि कोल्हापूरच्या कंपनीला संकेश्वरच्या बिलावर कर्नाटकचाच कर लागतो, त्याची वजावट तिला महाराष्ट्रात घेता येत नाही. तिला दर सांगताना करासहच सांगा, नाहीतर बिलाच्या वेळी वाद होतो.

साइटवरून आलेला पाहुणा दुसऱ्या खेपेला थेट फोन करेल एवढं बघा. चेकआउटला लॉजचा नंबर असलेलं कार्ड आणि पुढच्या मुक्कामाचा कमी दर, एवढं पुरतं. ऑनलाइन नोंद मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हींत करा. कोणी बेळगाव शोधतं, कोणी बेळगावी. पाटीवर ६० टक्के कन्नड हा २०२४ पासूनचा कायदा आहे. तो पाळा, मेनूकार्ड दोन्ही भाषांत ठेवा आणि गल्ल्यावर बसून त्या विषयावर बोलू नका.

खानावळीचा मेनू २५ पदार्थांवर आणा. भाकरी, झुणका, खर्डा, आमटी-भात, मटण थाळी. ऐंशी पदार्थांच्या कार्डाने फ्रीज भरतो आणि माल सडतो. पार्सलची सोय पहिल्यापासून हवी, कारण बसून जेवायला बंदी आली तेव्हा पार्सल चालू होतं. रस्सा आणि भाकरी वेगळी बांधा आणि रस्सा डब्यात भरताना ६० अंशांच्या वर असू द्या. आसपासच्या बँका-शाळांना महिन्याचे डबे लावले तर खोल्या रिकाम्या असल्या तरी आचाऱ्याचा पगार निघतो.

टाळेबंदीत आचारी गावी गेले आणि कित्येक परतलेच नाहीत. म्हणून निम्मी माणसं तरी हुक्केरी-संकेश्वर परिसरातली घ्या आणि प्रत्येकाला दोन कामं शिकवा. लॉज-खानावळ मिळून दहा माणसं झाली की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतं. त्याला कटकट समजू नका, आजारपणात कामगाराला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन त्यातून मिळतं.

गंगाजळी तीन महिन्यांच्या खर्चाची, म्हणजे वरच्या हिशोबाने ९,६०,०००. विकलेल्या प्रत्येक खोलीमागे ७५ रुपये वेगळ्या खात्यात टाकलेत आणि महिन्याला ४०० खोल्या गेल्या, तर ३२ महिने लागतात. तोपर्यंत दुसरं लॉज घेऊ नका.

सगळ्या २२ खोल्या एकदम उघडू नका. एका मजल्यावरच्या दहा नीट करा, प्रत्येक खाटेला चादरींचे तीन संच ठेवा (एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात), आणि सलग दोन महिने त्या ७० टक्के भरल्या की पुढच्या सहा घ्या. बंद खोल्यांचे नळ आणि शॉवर मात्र दर आठवड्याला खिडकी उघडून पाच-पाच मिनिटं सोडत राहा.