फायरमन व्हायचंय? आधी एवढं कर

भावा, बारावी झालीय आणि फायर ब्रिगेडमध्ये जायचंय हे वाचून खूप बरं वाटलं. पहिली चूक बहुतेक पोरं हीच करतात की जिममध्ये दंड फुगवत बसतात आणि पळायचं राहूनच जातं. मुंबईच्या २०२३ च्या भरतीत पोरांना ८०० मीटर ३ मिनिटांत पळायचं होतं, शिवाय १९ फुटांवरून जंपिंग शीटमध्ये (खाली ताणून धरलेल्या जाड कापडात) उडी आणि ५० किलोचा पुतळा खांद्यावर घेऊन पळणं, म्हणजे दम आणि पाठ-पाय आधी तयार पाहिजेत.

सध्या एवढंच कर:
- रोज पहाटे धाव, आठवड्यातून दोनदा वाळूची गोणी खांद्यावर घेऊन जिने चढ. गोणी २० किलोपासून, घाई केलीस तर कंबर धरेल.
- दोर चढायला शीक, बरेच जण तिथंच अडकतात.
- उंचीची भीती वाटते का ते आत्ताच बघ, वाटत असेल तर लाजू नको, सरावाने जाते.

आणि कोर्सचं, गल्लीतल्या कुठल्याही इन्स्टिट्यूटला पैसे भरू नको, माझे एक वर्ष असंच गेलं, सर्टिफिकेट भरतीत चाललंच नाही. राज्य अग्निशमन अकादमीचा ६ महिन्यांचा अग्निशामक कोर्स बघ. होज (पाण्याचा पाइप), पंप, बीए सेट (धुरात श्वास घ्यायचं उपकरण) सगळं तिथं शिकवतात, ते आत्ताच शिकायच्या मागे लागू नको.