वाचकांचे प्रश्न : किती शिवाजी, किती संभाजी?

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. मराठेशाहीवरच्या कादंबऱ्या आवडीने वाचते, पण नावांत गोंधळते. शिवाजी महाराजांचे जन्मसाल एका जुन्या पुस्तकात 1627, दुसऱ्यात 1630. ‘मग खरं कोणतं?’ म्हणून ती अडून बसली आहे. काय करावे?

उत्तर : गोंधळ तिचा नाही, नावेच तशी आहेत. महाराजांचे थोरले बंधू संभाजी, पुत्र संभाजी आणि राजाराम महाराज व राजसबाईंचे पुत्रही संभाजी. शाहू महाराजांचे मूळ नाव शिवाजी, ताराबाईंच्या मुलाचेही तेच. म्हणून पुस्तक उघडण्याआधी मोठ्या कागदावर शहाजीराजांपासून शाहू महाराजांपर्यंत वंशावळ काढा. प्रत्येक नावाखाली आईचे नाव हवेच, कारण एकाच नावाची माणसे त्यावरून चटकन वेगळी कळतात. पात्र जिथे पहिल्यांदा भेटेल, तो पान क्रमांक तिनेच पेन्सिलीने टाकावा.

आता सालाचे. 1627 पूर्वी रूढ होते. लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची घटनांची तिथीवार नोंद, प्रसिद्ध केली. तिच्यात जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 आहे, म्हणजेच 19 फेब्रुवारी 1630. हीच तारीख आता शासनाने मान्य केली आहे. त्यामुळे 1666 मध्ये आग्र्याला गेलेले महाराज 36 वर्षांचे. जुन्या सालाप्रमाणे ते 39 ठरतात.

हा हिशोब तिलाच करू द्या. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण 1551 मध्ये 78 मिळवले तर 1629 येईल! मुले हमखास इथेच चुकतात. शकवर्ष चैत्रात बदलते, म्हणून जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तारखांना 79 मिळवायचे. राज्याभिषेक ज्येष्ठातला, शके 1596. तिथे 78 मिळवून 1674 बरोबर येते.

कादंबरीतले संवाद मात्र लेखकाचे असतात, हे तिला आधीच सांगा. प्रसिद्ध वाक्येही तपासावीत. ‘गड आला पण सिंह गेला’ यावरून सिंहगड नाव पडले, असे आपण सगळेच ऐकत आलो; पण 1670 च्या त्या लढाईआधीच्या पत्रातही सिंहगड हे नाव सापडते. तानाजी मालुसऱ्यांचा पराक्रम त्याने तसूभरही कमी होत नाही, हेही त्याच बैठकीत बोला.

संभाजी महाराजांच्या 1689 मधल्या अखेरीचे प्रकरण आधी तुम्ही वाचा, मग तिच्या शेजारी बसून वाचून घ्या.